हैतीच्या क्रांतीवर आधी कोणते पुस्तक वाचावे?

गोदाकाठ, नाशिक
फ्रेंच राज्यक्रांतीवरील पुस्तकांत सां-दोमँगचे, म्हणजे आजच्या हैतीचे, नाव ओझरतेच येते. वास्तविक फ्रान्सची साखर आणि कॉफी मोठ्या प्रमाणावर त्याच वसाहतीतून येत असे. नाशिकच्या आमच्या अभ्यासमंडळात मला या विषयाची मांडणी करायची आहे. आरंभ कोणत्या पुस्तकाने करावा? इंग्रजी चालेल, फ्रेंच मात्र येत नाही.

जुना वाचक
सी. एल. आर. जेम्स यांचे ‘द ब्लॅक जॅकोबिन्स’ (१९३८) प्रथम वाचावे, शक्यतो १९६३ ची सुधारित आवृत्ती. ऑगस्ट १७९१ मध्ये गुलामांच्या उठावात उत्तरेकडील ऊसमळे पेटले तेव्हापासून १ जानेवारी १८०४ च्या स्वातंत्र्यघोषणेपर्यंतचा काळ मांडताना जेम्स पॅरिस आणि वसाहत यांना क्षणभरही वेगळे होऊ देत नाहीत. फेब्रुवारी १७९४ मध्ये पॅरिसने गुलामगिरी रद्द केली, ती केवळ उदारपणाने नव्हे, हे त्यातून नीट उमगते.

मखमलाबाद
पुस्तक थोर आहे, पण त्याचा नायक तूसाँ लूव्हेर्त्यूर, म्हणजे पूर्वी स्वतः गुलाम असलेला क्रांतीचा सेनानी, आहे. मुक्त झालेल्या मजुरांना याच तूसाँने लष्करी शिस्तीत पुन्हा मळ्यांवर जुंपले आणि १८०१ च्या उठावानंतर, ज्याला तो पुतण्या मानत असे, त्या मोईझला गोळ्या घातल्या. जेम्स हे लपवत नाहीत, उलट त्यावर कठोर टीका करतात. तरीही मळ्यावरच्या माणसाला काय हवे होते, हे कळण्यासाठी कॅरोलिन फिक यांचे ‘द मेकिंग ऑफ हैती’ (१९९०) वाचावे लागते. वाचायला ते जड आहे, हे मान्य.

पंचवटीकर
आपल्या मंडळात जोतीरावांच्या ‘गुलामगिरी’चा (१८७३) विषय निघेलच, कारण तिची अर्पणपत्रिका गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना उद्देशून आहे. हैतीत मात्र ते काम गुलामांनी स्वतः केले आणि नेपोलियनने धाडलेल्या फौजेलाही हरवले, हा फरक अवश्य मांडावा. ‘मग तो देश आज इतका गरीब का?’ असेही कोणीतरी विचारील. फ्रान्सने १८२५ मध्ये स्वातंत्र्याला मान्यता देताना माजी मळेवाल्यांच्या भरपाईपोटी १५ कोटी फ्रँक मागितले. ही रक्कम पुढे ९ कोटींवर आली, तरी कर्ज काढल्यावाचून ती फिटेना. १८०४ नंतरच्या या भागासाठी लोरां द्युबुआ यांचे ‘हैती: द आफ्टरशॉक्स ऑफ हिस्टरी’ (२०१२) हाताशी ठेवावे.