महाविषाणू म्हणजे झिजलेली पेशी? काहीतरीच!

मुठाकाठचा_अमीबा: काल कुणीतरी ठोकून दिलं, ‘टुपनव्हायरस या महाविषाणूकडे (जिवाणूएवढा मोठा विषाणू) 20 सिंथेटेज, म्हणजे प्रथिनं बांधायला अमिनो आम्लं टीआरएनए या वाहक रेणूवर चढवणारी एन्झाइमं, आहेत, म्हणजे महाविषाणू हे झिजत आलेल्या पेशींचं, जिवाणू, आर्किया आणि केंद्रकवाल्यांच्या जोडीचं, चौथं कुळ.’ अहो, रायबोसोम, प्रथिनं बनवणारं यंत्र, कुठाय? एकाही विषाणूकडे स्वतःचा नाही. 2017 मध्ये ऑस्ट्रियातल्या सांडपाणी केंद्रात क्लोस्नॉयव्हायरस हे महाविषाणू सापडले. त्यांच्या सिंथेटेजची वंशवृक्षं काढली, तर एकेक जनुक वेगवेगळ्या यजमानाकडून आलेलं. वाडवडिलांची इस्टेट कसली, जुन्या बाजारातून गोळा केलेलं सामान आहे ते.

औंधकर: जनुकं झपाट्याने बदलली की वृक्षावर भलत्याच फांदीला चिकटतात, हे सोयीस्कर विसरलात. आणि रिकेट्सिया, दुसऱ्याच्या पेशीत राहणारा जिवाणू, झिजलीच ना?

मुठाकाठचा_अमीबा: झिजली, पण रायबोसोम सोडला नाही!

पाट्यावाला: दोघंही चुकताय. खरा घोळ गाळणीने घातला. ‘0.2 मायक्रॉनमधून उतरतो तो विषाणू’, ही व्याख्या कवटाळून बसलो. मिमीव्हायरस या महाविषाणूचं कवच 0.5 च्या आसपास, तंतू धरून 0.75. तो गाळणीवरच राहणार! 1992 ला ब्रॅडफर्डच्या कूलिंग टॉवरमध्ये सापडला, जिवाणू ओळखायचा ग्रॅम रंग धरला म्हणून जिवाणू ठरला. विषाणू आहे हे कळायला 2003 उजाडलं. मुठेचं पाणी तपासताना आजही लोक गाळणीवरचा ऐवज मोरीत ओततात.

औंधकर: मग तो थेट अमीबावर, महाविषाणूंच्या यजमानावर, ओतायचा? पीवायजी या पोषक रसात टाकलात तर दुसऱ्या दिवशी जिवाणूंची बासुंदी. अकँथअमीबा आधी पेजच्या क्षारद्रावात, म्हणजे अन्न नसलेल्या खारट पाण्यात, घ्या. नुसतं व्हँकोमायसिन हे ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणूंवरचं प्रतिजैविक घालून भागत नाही, लेजिओनेला हा जिवाणू ग्रॅम-निगेटिव्ह आहे. तीही अमीबात शिरून त्याला फोडते आणि तुम्ही विषाणू सापडला म्हणून पेढे वाटता. सिप्रोफ्लॉक्सासिन हे दुसरं प्रतिजैविकही हवंच. प्लेटमध्ये शेजारी नमुना न घातलेला एक खळगा ठेवा, कारण उपाशी अमीबाही कोष करून गोल होतो. 30 अंशांना तीन-चार दिवस काही दिसलं नाही तर वरचं पाणी ताज्या अमीबावर चढवा. अमीबा फुटलेच, तर डीएनए पॉलिमरेज-बी या विषाणूच्या जनुकाचा पीसीआर केल्याशिवाय बोलू नका.

पाट्यावाला: हे मला शिकवताय? कोषाचं मात्र बरोबर आहे, घ्या.

मुठाकाठचा_अमीबा: धागा उगमाचा होता, स्वयंपाकाचा नव्हे! औंधकर, एक देतो: सगळंच पेशीकडून पळवलेलं नाही. आरएनए विषाणूंच्या प्रतिकृती-एन्झाइमचं मूळ पेशींच्याही आधीचं असावं. कवचाची प्रथिनं मात्र नंतर पेशींकडून घेतली. म्हणजे सरमिसळ.

औंधकर: उपकार झाले! हे पहिल्याच ओळीत लिहिलं असतं तर माझा चहा गार झाला नसता. टुपनचे सत्तरेक टीआरएनए मात्र अजून तुमच्या जुन्या बाजारात बसत नाहीत.