मिन-दोलनाचे मॉडेल सपाटच राहतेय, मदत हवी आहे

ई. कोलाय या जिवाणूची फूट पेशीच्या बरोबर मध्यावर कशी पडते यासाठी हुआंग, मेयर आणि विंग्रीन यांचे मिनडी व मिनई या प्रथिनांच्या दोलनाचे 2003 चे मॉडेल पायथनमध्ये एकमितीय करून चालवतोय. लांबी 4 मायक्रोमीटर, त्रिज्या 0.5, विसरण गुणांक 2.5, दर मायक्रोमीटर लांबीला 1000 मिनडी, 350 मिनई. सुरुवातीला सगळे सायटोप्लाझममध्ये (पेशीच्या आतल्या द्रवात) सारखे पसरलेले. 0.1 च्या ग्रिडवर 500 सेकंदांनंतरही ग्राफ सपाट, 0.05 ग्रिड आणि 0.001 सेकंदाची स्टेप घेतली की आकडे फुटतात. एकूण मिनडी मात्र पहिल्यापासून वाढतेय. एडीपी-मिनडीचे (पेशीपटलावरून सुटलेल्या, अजून एटीपी न घेतलेल्या मिनडीचे) समीकरण गाळले तर चालेल का?

प्रतिसाद 1
एकूण आकडा वाढतोय, तिथेच ग्यानबाची मेख आहे. मेम्ब्रेनवरचे (पेशीपटलावरचे) रेणू चौरस मायक्रोमीटरला मोजतो, आतले घन मायक्रोमीटरला. म्हणून सायटोप्लाझमच्या समीकरणांत मेम्ब्रेनशी देवघेव करणाऱ्या प्रत्येक पदाला 2/त्रिज्या, म्हणजे इथे 4 ने गुणा; मेम्ब्रेनच्या समीकरणांत नाही. 1000 हा आकडाही तसाच टाकू नका. छेदाच्या क्षेत्रफळाने (0.785) भागून 1273 येतात, मिनईचे 446. मग आतल्या मिनडीची बेरीज × 0.785 × ग्रिड, अधिक मेम्ब्रेनवरची बेरीज × 3.14 × ग्रिड, हे 4000 वर खिळून राहायला हवे. नाही राहिले तर पुढचे ग्राफ बघूच नका.

सुरुवात सममित दिली तर समीकरणांना डावे-उजवे निवडायला कारणच उरत नाही. डाव्या अर्ध्यात मिनडी 5 टक्के जास्त, उजव्यात तितकीच कमी ठेवा. 0.05 ग्रिडला स्टेपची मर्यादा 0.0005 आहे, 0.0002 घ्या.

प्रतिसाद 2
विसरणासाठी नम्पाय या पायथन लायब्ररीचे रोल फंक्शन वापरलेय का? त्याने दोन्ही टोके जोडली जाऊन पेशीची अंगठी होते. या टोकाकडून त्या टोकाकडे होणाऱ्या दोलनाची तरंगलांबी 8 मायक्रोमीटर. अंगठीत 4 पेक्षा मोठी मावत नाही. कडेच्या खान्याला बाहेरचा शेजारी म्हणून त्याचीच किंमत द्या.

एडीपीचे समीकरण गाळू नका. मिनईने सोडवलेला मिनडी पुन्हा एटीपी घेईपर्यंत (दर सेकंदाला 1) दीडेक मायक्रोमीटर भटकतो. ती सवड काढली तर तो तिथल्या तिथे चिकटतो, समोरचे टोक नीट भरत नाही.

सरासरी काढताना पहिले 200 सेकंद टाकून द्या आणि पूर्ण आवर्तनेच धरा. फूट रोखणारा मिनसी मिनडीबरोबरच फिरतो, त्यामुळे मेम्ब्रेनवरच्या मिनडीची सरासरी जिथे सर्वांत कमी, तिथे फूट पाडणाऱ्या एफटीएसझेड प्रथिनाचे कडे. अर्धवट आवर्तन घेतले की तो नीचांक मध्यावरून सरकलेला दिसतो आणि माणूस उगाच दर बदलत बसतो.

धागाकर्ता
रोलच आहे. आवर्तन किती सेकंदांचे यावे?

प्रतिसाद 2
40 च्या आसपास. मिनडी वाढवली की लांबते, मिनई वाढवली की आखडते. उलटे झाले तर चिन्हे तपासा.