रेडमी नोट ४ ची बॅटरी फुगली, घरी उघडू का? (खानापूर)

खानापूरचा_पाऊस: बाबांचा रेडमी नोट ४ आहे, २०१७ सालचा. मागचं धातूचं झाकण एका बाजूनं उचललंय, फटीत नख जातं. रोज ३० टक्क्यांवरून पटकन बंद पडतो, मग परत चालू करावा लागतो. बेळगावात खडेबाजारात एका दुकानात दाखवला तर म्हणाला, "सोडून जावा, संध्याकाळी या." बाबा सोडायला तयार नाहीत, नातीचे बारशापासूनचे फोटो त्यातच आहेत. माझ्याकडं बारीक स्क्रूड्रायव्हरांचा सेट आहे. घरी जमेल काय?

वखारगल्ली (निपाणी): जमतंय की, पण आजपासून चार्जरला लावायचा नाही. फोन बंद करा आणि गादीवर किंवा कपाटात नको, फरशीवर ठेवा. फुगलेल्या बॅटरीत गॅस धरलेला असतो. टोचली किंवा वाकवली की आतल्या आत शॉर्ट होऊन पेट घेते. उघडताना शेजारी वाळूची बादली ठेवा.

आधी सिमचा ट्रे बाहेर काढायचा, नाहीतर झाकण अडतं. खाली चार्जिंगच्या भोकाच्या दोन्ही बाजूला दोन बारके स्क्रू आहेत ते काढा. मग प्लास्टिकचा ओपनर, नसेल तर गिटारची पिक, कडेनं फिरवायची. सुरी नको. आणि झाकण भसकन उपटू नका! बोटाच्या ठशाचा सेन्सर झाकणाला आहे, त्याची पातळ वायरची स्ट्रिप बोर्डला जोडलेली असते. दहातले सहा फोन माझ्याकडं ही स्ट्रिप तुटून येतात, सगळे "घरी जरा बघितला" म्हणणारे. झाकण थोडं उचलून आत बघा, स्ट्रिप सोडवा, मग बाजूला करा.

त्यानंतर पहिलं काम म्हणजे बॅटरीचं कनेक्टर प्लास्टिकनंच वर उचलणं. बाकी कशालाही हात त्यानंतर. स्क्रू लांबीला वेगवेगळे असतात. कागदावर फोनचं चित्र काढून ज्या जागचा स्क्रू त्या जागी चिकटवा. लांब स्क्रू आखूड भोकात पिळला तर बोर्डच जातो. बॅटरी टेपनं चिकटलेली असते. कडेनं आयपीएचे (आयसोप्रोपिल अल्कोहोलचे) दोन-चार थेंब सोडून दोन मिनिटं थांबा, मग जुन्या एटीएम कार्डानं हळू सरकवा. नवी मागवताना ४१०० एमएएच एवढंच बघू नका, जुनीवरचा नंबर जुळवा, याच नावाच्या फोनला वेगवेगळ्या बॅटऱ्या आहेत.

(आमच्याकडं फोन उघडला की स्पीकरच्या जाळीतून तंबाखूची भुकटी निघते. तुमच्याकडं पावसाची बुरशी निघेल. बोर्डवर पांढरं-हिरवं दिसलं तर मऊ ब्रशनं आयपीए.)

टिळकवाडीकर: मी म्हणेन दुकानातच करा, पण समोर बसून. "सोडून जावा" म्हणणाऱ्याला नमस्कार करायचा आणि पुढच्या दुकानात शिरायचं. अर्ध्या तासाचं काम आहे. आणि थांबा, फोन बंद करायच्या आधी एक विचारतो, पिन माहीत आहे का? बंद करून चालू केल्यावर पहिल्यांदा बोटाचा ठसा चालत नाही, पिनच लागतो. पिन नसला तर फोटो गेले समजा.

खानापूरचा_पाऊस: बंद केला हो मी! बाबांना पिन माहीतच नाही म्हणे, "बोट लावलं की उघडतंय." जन्मसाल, घर नंबर, सगळं घालून बघितलं. आता तीस सेकंद थांबा म्हणतोय.

वखारगल्ली (निपाणी): आता अंदाज घालणं बंद करा, थांबायचा वेळ वाढत जातो. चूक माझी, बंद करा म्हणायच्या आधी विचारायला पाहिजे होतं.

टिळकवाडीकर: जरा डोकं चालवा. ३० टक्क्यांवर रोज बंद पडतो म्हणालात. मग रोज चालू झाल्यावर पिन कोण घालतंय?

खानापूरचा_पाऊस: नात! साडेसात वर्षांची. गेम खेळायला तिला लागतो. आजोबांच्या जुन्या लुनाचा नंबर आहे म्हणे, तिनंच ठेवलाय. दोन चॉकलेटं घेऊन सांगितला.

टिळकवाडीकर: आधी वायफायवरून फोटो दुसऱ्या फोनवर पाठवा, केबल लावू नका, लावली की चार्ज व्हायला लागतो. मग स्क्रूड्रायव्हर हातात.

खानापूरचा_पाऊस: १,१०० फोटो, निम्मे गेलेत. बॅटरी आता ४१ टक्के.

वखारगल्ली (निपाणी): स्क्रीनचा उजेड कमी करा की ओ. आणि नवीन फोटो आधी नको, बारशाचे आधी पाठवा.