काहीच जाणवत नाही त्या दिवशी तारणाची खात्री कशी धरायची? मदत हवी आहे

जय ख्रिस्त. बरेच दिवस एक प्रश्न मनात घोळतोय, अनुभवी विश्वासणाऱ्यांनी मार्गदर्शन करावं.

तारण, म्हणजे पापापासून सुटका, कृपेने, विश्वासाद्वारे आहे, आपल्या कर्मांनी नाही, हे बायबलमधल्या इफिसकरांस पत्रात (२:८-९) स्पष्ट आहे. त्याबद्दल माझा वाद नाही. अडचण अशी की कर्मांवरचा भरवसा सुटला आणि मी माझ्या विश्वासावरच भरवसा ठेवू लागले. उपासनेत मन भरून आलं की वाटतं, तारण पक्कं. रात्री थकून गुडघे टेकावेत, ओठांवर प्रभूचं नाव आणि डोक्यात उद्याच्या कामांची यादी, की लगेच शंका येते: माझा विश्वास खरा तरी आहे का? मग स्वतःला प्रभूच्या हाती देण्याची, समर्पणाची तीच प्रार्थना पुन्हा करते, या वेळी जास्त मनापासून. उठताना पुन्हा वाटतं, पुरेशी मनापासून झाली का? विश्वास हेच माझं नवं कर्म होऊन बसलंय.

त्यात बायबलमधल्या पत्रांत पौल म्हणतो, भीत व कापत तारण साधून घ्या. याकोब म्हणतो, कृतीवाचून विश्वास निर्जीव. वाचलं की धडकीच भरते.

तर अशा कोरड्या दिवशी देवावर भरवसा ठेवायचा म्हणजे नेमकं काय करायचं? 'सगळं प्रभूवर सोपवा' एवढंच उत्तर कृपया नको. सोपवायचं कसं, तिथेच अडलंय.

प्रतिसाद १
ताई, पौलाचं 'भीत व कापत' हे वचन फिलिप्पैकरांस २:१२ मधलं आहे, तिथेच थांबू नका, लगेच तेरावं वचन वाचा. इच्छा आणि कृती दोन्ही तुमच्या ठायी देवच घडवतो, असं पौल तिथे सांगतो. याकोबही विश्वास जिवंत असल्याची खूण सांगतोय, तारणाची किंमत नव्हे.

मार्कच्या शुभवर्तमानातल्या नवव्या अध्यायात आपल्या मुलाला बरं करा म्हणून येशूकडे आलेला बाप आठवा. माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा, असं एका दमात ओरडला. येशूने त्याला 'आधी विश्वास पुरा करून ये' म्हणून परत धाडलं नाही, मुलाला बरं केलं. बापाची पकड ढिली होती, पण त्याने धरलं होतं ते योग्य माणसाला.

तेव्हा समर्पणाची प्रार्थना रोज नव्याने करणं थांबवा, असं मी आग्रहाने सांगेन. त्याऐवजी एवढंच म्हणा: "प्रभू, तू माझ्यासाठी मेलास आणि उठलास. आज मला काही जाणवत नाही, तरी ते खरं आहे." आणि झोपा. मन कितपत लागलं हे तपासत बसू नका.

प्रतिसाद २
मेथडिस्ट चळवळ सुरू करणारे इंग्लंडचे प्रचारक जॉन वेस्ली यांचंही पाहा. २४ मे १७३८ रोजी लंडनच्या आल्डर्सगेट स्ट्रीटवरच्या सभेत त्यांना तारणाची खात्री मिळाली, हे सगळे सांगतात. पण जानेवारी १७३९ मध्ये त्यांनीच रोजनिशीत लिहिलं की आपण ख्रिस्ती नाही. त्यानंतरही १७९१ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते सुवार्ता सांगत राहिले.

मूळ प्रश्नकर्ती
दोघांचे मनापासून आभार. आज रात्रीपासून तसंच करते. एकच विचारते, अशी शंका येणं हे पाप आहे का?

प्रतिसाद १
यहूदाच्या पत्रात बाविसावं वचन बघा. संशयात असलेल्यांवर दया करा, असं मंडळीला सांगितलंय. पाळकांशीही मोकळेपणाने बोला, एकट्याने झुंजू नका.