भाड्याचे गाळे स्वतःच्या नावावर ठेवावेत की एलएलपीच्या?

तापीकाठ: जळगाव, भुसावळ, धुळ्याकडे गाळा घेतला की तो स्वतःच्या नाहीतर बायकोच्या नावावर, हा रिवाजच पडलाय. माझं मत उलटं आहे. भाड्याचे चार-पाच गाळे असतील तर ते एलएलपीत, म्हणजे मर्यादित दायित्वाच्या भागीदारीत, हवेत. छज्जा कोसळून गिऱ्हाईक जखमी झालं, तर भरपाईचा दावा एलएलपीच्या मालमत्तेपुरता राहतो. राहतं घर आणि केळीचं शेत त्यात ओढलं जात नाही. साध्या भागीदारी पेढीत ही सोय नाही, तिथे प्रत्येक भागीदार घरादारासकट अडकतो.

सातबारा_धुळे: भाऊ, ज्यांचे गाळे आधीच नावावर आहेत त्यांचं काय? भांडवल म्हणून गाळा एलएलपीत टाकला तरी मुद्रांक शुल्क खरेदीखताइतकंच लागतं. रेडी रेकनरने, म्हणजे सरकारी दराने, 60 लाखांचा गाळा धरा. सहा टक्क्यांच्या हिशेबाने 3 लाख 60 हजार, वर नोंदणी फी 30 हजार. शिवाय एलएलपीच्या वहीत जी रक्कम लिहाल ती विक्रीची किंमत धरून भांडवली नफ्यावर कर बसतो. एमआयडीसीतला गाळा असेल तर महामंडळाची परवानगी आणि हस्तांतरण शुल्क आणखी वेगळं.

आणि दरवर्षीचा आयकर? वर्षाला 9 लाख भाडं, 30 टक्के वजावट जाता 6 लाख 30 हजार. दुसरं उत्पन्न नसलेल्या माणसाला नव्या करप्रणालीत यावर शून्य कर. एलएलपीला स्लॅब नाही, सरळ 31.2 टक्के, म्हणजे 1 लाख 96 हजार 560 रुपये. एवढ्यात दायित्वाचा विमा कितीतरी वर्षं चालेल!

तापीकाठ: जुने गाळे हलवू नका, हे मान्य. मी नव्या खरेदीबद्दल बोलतोय. तिथे शुल्क तसंही भरायचंच आहे, मग दस्त पहिल्यापासून एलएलपीच्या नावाने का नको? विम्याला रकमेची मर्यादा असते आणि अपवादही असतात.

गिरणाकाठ: दोघांच्याही बोलण्यात बँक राहिली. एलएलपी कर्ज काढते तेव्हा बँक भागीदारांची वैयक्तिक हमी घेते, आणि त्या सहीबरोबर त्या कर्जापुरतं एलएलपीचं संरक्षण जातं. कायदाही भागीदाराला स्वतःच्या चुकीतून सोडत नाही. छज्जा धोक्याचा आहे हे माहीत असून दुरुस्ती टाळली, तर दावा त्याच्यावर येऊ शकतो.

उलट्या बाजूचा धोका आपल्याकडे जास्त: दालमिल किंवा जिनिंग तोट्यात गेली आणि देणेकरी (ज्यांचे पैसे द्यायचे राहिले ते) मालकाच्या गाळ्यांवर आले. त्यासाठी मी खासगी विश्वस्त निधी (घरच्यांच्या लाभासाठी केलेला प्रायव्हेट ट्रस्ट) सुचवीन, परत घेता न येणारा आणि धंदा चांगला चालू असताना केलेला. नोटीस आल्यावर केला तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 53 खाली देणेकरी तो रद्द करून घेऊ शकतात. बायकोला बक्षीसपत्र करण्याचंही तेच. वर भाडं नवऱ्याच्याच उत्पन्नात मोजलं जातं. आणि बक्षीसपत्रावरची 200 रुपयांची मुद्रांक सवलत राहत्या घराला व शेतीला आहे, गाळ्याला नाही. तिथे 3 टक्के आणि स्थानिक अधिभार.

सातबारा_धुळे: निधी केला म्हणजे मालकी विश्वस्तांकडे गेली, हेही सांगा ना. उद्या मुलीच्या लग्नाला गाळा विकायचा तर निधीपत्रात तसा अधिकार लिहिलेला हवा. लाभार्थींचे हिस्से ठरवले नाहीत तर भाड्यावर कराचा वरचा दर लागतो. हिस्से ठरवले तर त्या लाभार्थीचे देणेकरी त्याच्या हिश्श्यावर येतात. दोन-तीन गाळेवाल्याला मी अजूनही म्हणेन: आधी भाड्याचा करारनामा नोंदवा. भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55: नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचंच म्हणणं खरं धरतात, उलट सिद्ध होईपर्यंत. जबाबदारी मालकाची, शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

तापीकाठ: करारनामा हवाच, पण तो छज्जाखालच्या माणसाचा दावा अडवत नाही. एलएलपीत निष्काळजीपणा ज्याचा तोच अडकतो, बाकीचे भागीदार सुटतात. भावाभावांनी मिळून गाळे घेतले असतील तर एवढ्यासाठीच मी एलएलपीची दरवर्षीची 30 मे आणि 30 ऑक्टोबरची विवरणपत्रं भरायला तयार आहे.