व्हिएन्नाच्या बाजारात मिळालेली रेशमी हॅट: काळ कसा ठरवावा आणि पुण्यात ती कशी टिकवावी?

नदीकाठची
नमस्कार. गेली चार वर्षे मी व्हिएन्नात राहते. येथील नाशमार्क्टला लागून दर शनिवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. तेथे मला काळी, उंच, चकचकीत रेशमी हॅट तिच्या चामडी पेटीसह मिळाली. अस्तरावर पी. अँड सी. हाबिग या व्हिएन्नातील हॅटकारांचे नाव, विडनर हाउप्टश्ट्रासे हा पत्ता, दुतोंडी गरुड आणि दरबाराचे पुरवठादार असल्याचे सांगणारी ‘के. यू. के.’ ही अक्षरे सोनेरी शाईत छापलेली आहेत. विक्रेत्याने गरुडाकडे बोट दाखवून हॅट १९१८ पूर्वीची असल्याचे ठामपणे सांगितले आणि भावही त्याच हिशेबाने लावला. हा पुरावा कितपत ग्राह्य धरावा? जुन्या हॅटमध्ये पारा असतो असे वाचले, तर ती हाताळणे सुरक्षित आहे का? जूनमध्ये मी पुण्याला परतणार आहे, म्हणजे ऐन पावसाळ्यात. तेथे ती कशी ठेवावी, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.

जुनी पेटी
मी म्युनिकमध्ये राहतो आणि बरीच वर्षे अशा हॅट जमवतो. ताई, या छापावरून हॅट कोणत्या काळाआधीची नाही एवढेच कळते; ती केव्हापर्यंतची असू शकेल, हे कळत नाही. दोन ‘के’ म्हणजे कैसराचा, म्हणजे सम्राटाचा, आणि राजाचा, हे बिरुद १८६७ च्या ऑस्ट्रिया-हंगेरी तडजोडीनंतरचे आहे, त्यामुळे हॅट त्याआधीची नाही एवढे निश्चित. मात्र १९१८ मध्ये साम्राज्य संपले म्हणून व्यापाऱ्यांनी आपले मानाचे बिरुद दुसऱ्या दिवशी पुसून टाकले, असे झाले नाही. व्हिएन्नातील डेमेल हे मिठाईचे दुकान आजही ते अभिमानाने मिरवते. हाबिग यांचा व्यवसाय १८६२ पासूनचा, त्यामुळे केवळ नावावरूनही काळ ठरत नाही.

हाच सावधपणा गावांच्या नावांबाबतही बाळगावा लागतो. हॅटच्या आत ‘नॉयटिटशाइन’ असे छापलेले दिसले की अनेक जण ती साम्राज्यकालीन समजतात. मोराव्हियातील हे गाव हुकेल घराण्याच्या कारखान्यामुळे प्रसिद्ध होते आणि आज ते चेक प्रजासत्ताकात नोवी यिचीन म्हणून ओळखले जाते. परंतु जर्मन भाषकांमध्ये जुने नाव १९४५ पर्यंत सर्रास चालू होते. ‘गुबेन’ या जर्मन शहराची हॅट मिळाली तर ते शहर १९४५ मध्ये नाइसे नदीवर दुभंगले आणि पूर्वेकडचा भाग पोलंडमध्ये गेला, हेही लक्षात ठेवावे.

माझा अनुभव असा की खरी माहिती कपाळाला टेकणाऱ्या चामडी पट्टीमागे सापडते. हॅट सैल झाली की लोक तेथे वर्तमानपत्राची घडी सरकवत असत. पट्टी शिवणीतून न उसवता, जेथे ती आपोआप सुटली असेल तेथूनच आत पाहावे. डोक्याच्या घेराचे माप ५८ सेंटिमीटर किंवा त्याहून मोठे असेल, तर वापरण्यासाठी घेणारे गिऱ्हाईक चढा भाव देते, कारण या प्रतीचे रेशमी प्लश, म्हणजे मखमलीसारखे लव असलेले कापड, आता विणले जात नाही. माप लहान असेल, तर आपल्याकडून जास्त पैसे घेतले गेले असण्याची शक्यता आहे.

लाखेचा डबा
वस्त्रजतनाचे काम करत असल्याने उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे देतो. पाऱ्याचा धोका मुख्यतः फेल्टच्या, म्हणजे प्राण्यांचे केस दाबून केलेल्या नमद्याच्या, हॅटमध्ये असतो. ससा, रानससा किंवा बीव्हर यांचे केस एकमेकांत नीट गुंतावेत म्हणून त्यांवर पाऱ्याच्या नायट्रेटची प्रक्रिया करत. त्याने केसांची टोके नारिंगी होत आणि कारागिरांच्या मज्जासंस्थेवर दुष्परिणाम होत असे. आपली हॅट रेशमी प्लशची असेल, तर तिचा सांगाडा बहुधा लाख दिलेल्या कापडाचा असणार आणि धोका कमी राहील. तरीही हातमोजे घालावेत, ती डोक्यावर चढवू नये आणि जोरात झटकू नये.

लाख हाच आपल्यासाठी कळीचा मुद्दा आहे. जगाच्या बाजारातली बहुतेक लाख हिंदुस्थानातून, पळस आणि कुसुम यांच्या फांद्यांवरून जात असे. तेव्हा व्हिएन्नातल्या त्या ताठ भिंतीला आपल्याकडच्या झाडांचा टेकू असणे अगदी शक्य आहे. लाख उष्णतेने मऊ पडते. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत, खिडकीशी किंवा माळ्यावर पत्र्याखाली ती एक दुपार राहिली, तरी आकार बिघडतो. पावसाळ्यात बुरशीची भीती असल्याने आम्लविरहित कागदाचे बोळे आत भरून हवेशीर, कोरड्या कपाटात ठेवावी आणि सिलिका जेलच्या पुड्या वेळोवेळी बदलाव्यात. हॅट कडेवर टेकवून ठेवू नये. डांबराच्या गोळ्या पेटीत टाकण्याची आपल्याकडची सवय मात्र सोडावी.

तिसरा बाक
विषयाला धरूनच एक सुचवतो. पहिल्याच खरेदीचा भाव जास्त लागला असेल, तर यापुढे पहिल्या महायुद्धकाळातील टोप्यांवरचे बिल्ले पाहा. ऑस्ट्रियन सैनिक ते टोपीवर लावत, आणि अनेक बिल्ले युद्धसाहाय्यासाठी विकले गेले. नकला त्यांच्याही आहेत, पण चूक स्वस्तात पडते. टोकदार प्रशियन शिरस्त्राण मात्र नवशिक्याने घेऊ नये. ते १८४२ मध्ये आले, १८९७ मध्ये दोन्ही बाजूंना कोकार्ड, म्हणजे रंगीत गोल चकत्या, लागल्या, १९१५ मध्ये टोक सुटे झाले; या तीन टप्प्यांचे सुटे भाग जोडून केलेली खिचडी मी स्वतः अस्सल समजून विकत घेतली आहे.

नदीकाठची
सर्वांचे मनःपूर्वक आभार. पट्टी डाव्या बाजूला सुटलेली होती. आत खरोखरच वर्तमानपत्राची घडी निघाली. तारीख फाटून गेली आहे, मात्र किंमत वाचता येते, आणि ती क्रोन या जुन्या ऑस्ट्रियन चलनात, हजारांत आहे. माप ५५ निघाले.

जुनी पेटी
मग कोडे सुटले. वर्तमानपत्राच्या एका अंकाला हजारो क्रोन पडणे हे पहिल्या महायुद्धानंतरच्या महागाईतच शक्य होते, आणि १९२५ च्या मार्चपासून दहा हजार क्रोनांचा एक शिलिंग झाला. म्हणजे ही घडी १९२० च्या दशकाच्या पूर्वार्धातली आहे. हॅट त्याहून जुनी असू शकेल, पण विक्रेत्याला १९१८ पूर्वीचा भाव मागण्याचा आधार नव्हता. घडी तेथेच राहू द्या. फक्त तिचे छायाचित्र काढून ठेवा.