शब्दचर्चा: गोठणे, साकळणे, थिजणे

नौपाडा, ठाणे:
कातडीच्या काही दुर्मीळ आजारांवर रुग्णांसाठी माहितीपत्रक मराठीत करते आहे. या आजारांत कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि तेवढ्या जागची कातडी मरते. मी लिहिलं होतं, ‘त्वचेतील रक्त गोठून ऊतिमृत्यू होतो.’ शेजारच्या काकूंना वाचायला दिलं. त्यांनी विचारलं, “गोठून म्हणजे गारठ्याने का गं? मग आपल्या ठाण्यात कशाला होईल?” ‘ऊतिमृत्यू’ तर न वाचताच पुढे गेल्या. रुग्णाच्या घरचं माणूसही असंच वाचणार. शब्द सुचवा.

वाशी (प्रयोगशाळेत काम करतो):
ताई, एका आजारात काकू म्हणतात तसा गारठ्याचाच संबंध असतो. काहींच्या रक्तात क्रायोग्लोब्युलिन नावाची प्रथिनं असतात. त्यांच्या तपासणीसाठी रक्त घेताना नळी आधीच कोमट करतो आणि ३७ अंशांच्या पाण्याच्या थर्मासमधून आणतो. वाटेत गार झाली तर ती प्रथिनं गुठळीबरोबर खाली बसतात आणि रिपोर्टमध्ये काहीच सापडत नाही. नीट आणलेल्या नळीतलं सीरम, म्हणजे गुठळी सोडून उरलेलं पाणी, वेगळं करून ४ अंशांवर काही दिवस ठेवलं की तळाशी पांढुरका साका धरतो. परत ३७ अंशांवर आणली की तो विरघळतो. तुपाच्या बाबतीत आपण याला थिजणं म्हणतो, तोच शब्द इथे चपखल बसतो.

साकळलेलं रक्त मात्र कितीही शेकलं तरी वाहतं होत नाही, कारण त्यात फायब्रिन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांचं जाळं विणलं गेलेलं असतं. दोन्हींना ‘गोठणं’ म्हटलं की हा फरकच पुसला जातो.

कळवा (परिचारिका):
आणखी एक प्रकार. मूत्रपिंडं निकामी झालेल्या, बहुधा डायलिसिसवर असलेल्या काहींच्या कातडीखालच्या बारीक धमन्यांच्या भिंतीत कॅल्शियम साचतं. बोअरच्या पाण्याने नळात क्षार धरतात, तसंच ‘धमनीत क्षार धरले’ म्हणा. त्याने वाट अरुंद होते आणि मग त्यात रक्तही साकळतं. दुखणं भयंकर असतं, हे पत्रकात जरूर लिहा.

आणि ‘खपली’ हा शब्द कृपा करून टाळा. खपली धरली म्हणजे जखम भरत आली, असा आपला अर्थ. इथला काळा, टणक थर म्हणजे मेलेली कातडीच असते. नातेवाईक ‘खपली धरली’ म्हणून निश्चिंत होतात, ते बघवत नाही. नुसतं ‘मेलेली कातडी’ म्हटलं तर टाचेची घासून काढतात ती आठवते. ‘कुजली’ही नको. दरवेळी जंतू लागलेले नसतात, आणि त्या शब्दाने रुग्णाला उगाच लाज वाटते.

नौपाडा, ठाणे:
दोघांचेही मनापासून आभार. ‘कोथ’ हा जुना शब्द माझ्या मनात होता, पण काकूंसाठी तो ‘ऊतिमृत्यू’इतकाच परका.

मला सगळ्यात अडवलंय ते ‘रक्त पातळ करणारी गोळी’ या शब्दांनी. वॉरफरिन ही अशीच गोळी. तिने रक्त पातळ होत नाही, ते साकळायला वेळ लागतो. क जीवनसत्त्व नव्हे, ‘के’ जीवनसत्त्व वापरून यकृत साकळवणारी प्रथिनं बनवतं, आणि साकळणं आवरणारं ‘प्रोटीन सी’सुद्धा त्यातूनच बनवतं. गोळी दोन्ही अडवते. पण प्रोटीन सी काही तासांतच घटतं, तर साकळवणाऱ्यांपैकी प्रोथ्रॉम्बिन दोन-तीन दिवस टिकून राहतं. मधल्या काळात लगाम सुटलेला असतो. म्हणूनच जिथे गुठळीचा धोका असतो तिथे सुरुवातीला लगेच साकळणं रोखणारं हेपरिनचं इंजेक्शनही सोबत देतात. क्वचित एखाद्याच्या, विशेषतः ज्याच्यात प्रोटीन सी जन्मतः कमी आहे त्याच्या, मांडीची, पोटाची किंवा स्तनाची कातडी पहिल्या काही दिवसांत दुखून काळी पडते. ‘पातळ’ शब्दावर विसंबलेल्या घरात हे कुणाला पटेल?

तान्ह्या बाळाला दोन्ही पालकांकडून ही उणीव आली, तर जन्मल्यावर काही तासांत जांभळे डाग पसरू शकतात. या आजाराचं नाव पर्प्युरा फुलमिनान्स. लॅटिनमध्ये पर्प्युरा म्हणजे शंखापासून काढायचा जांभळा रंग आणि फुल्मेन म्हणजे वीज. आपला जांभळा मात्र झाडाच्या जांभळावरून आला. मी ‘विजेच्या वेगाने पसरणारे जांभळे डाग’ असं लिहिलंय. शिवाय, काचेचा पेला दाबूनही डाग फिका होत नसेल आणि सोबत ताप असेल, तर लगेच रुग्णालय गाठा, ही ओळ ठळक टाकली आहे.

वाक्य आता असं आहे: ‘कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्यांत रक्त साकळतं, तिथवर रक्त पोचत नाही, आणि तेवढ्या जागची कातडी मरून काळी पडते.’ क्रायोग्लोब्युलिनच्या परिच्छेदात ‘थिजतं’. गोळीसाठी ‘रक्त साकळू न देणारी गोळी’.

आज काकूंनी शेवटपर्यंत वाचलं आणि विचारलं, “माझीपण तीच गोळी आहे का गं?” चिठ्ठी बघितली, रक्तदाबाची होती. पण पत्रकात आणखी एक ओळ वाढवली: ‘गोळी मनाने बंद करू नका, आधी डॉक्टरांना फोन करा.’